स्तोत्रसंहितेच्या अलीकडे

दादा,

गेल्या आठवड्यात तुझ्या कबरीशी पाळकांनी तेविसावं स्तोत्र वाचलं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ'. तुला विचारलं नाही, मलाही विचारलं नाही. त्यांचा तो रिवाजच आहे, माणूस पेटीत गेला की तेविसावं. वाचलं मात्र छान, घाई न करता, प्रत्येक शब्द सुटा. आजूबाजूच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या आणि मी दातओठ खात उभी होते. कुसुमवहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्यांना वाटलं मला रडू आवरत नाही. मला राग आवरत नव्हता. बाबांनाही ते असंच मिळालं होतं, माती पडताना. आपल्या घरातल्या पुरुषांना हे स्तोत्र जिवंतपणी लाभत नाही असं दिसतं.

तुझं चरित्र सांगून झालेलं आहे. शांतवन हे नाव आजोबांनी ठेवलं, भूमी अभिलेखच्या कचेरीत मोजणीदार म्हणून नोकरी केली, बार्शीटाकळी तालुक्यातले शेतांच्या धुऱ्याबांधांचे तंटे मिटवले, रविवारच्या शाळेत दोन पिढ्या शिकवल्या, चर्चच्या मंडळीत पंच होतास. सगळं खरं आहे. पाळकांनी कागद न बघता सांगितलं आणि लोकांनी माना हलवल्या. मला त्यात भर घालायची नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि भांडण आपलं जुनंच आहे. फरक एवढाच, की आता मधेच 'पुरे कर सरू' म्हणणारं कोणी नाही.

सुधाकरला, माझ्या नवऱ्याला, आपल्या घरची रीत समजावून सांगताना माझी दमछाक झाली होती ते आठवतं. तो बौद्ध घरातला. त्याला वाटायचं, बायबल म्हणजे एक पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच माणसानं लिहिलेलं. मी म्हटलं, अरे, एका पुठ्ठ्यात सहासष्ट पुस्तकं आहेत. आधी नियमशास्त्र, मग राजांचा इतिहास, मग स्तोत्रं आणि काव्य, मग संदेष्टे. तिथं जुना करार संपतो. नव्यात आधी येशूची चार शुभवर्तमानं, मग प्रेषितांची कृत्ये, मग पत्रं आणि अगदी शेवटी प्रकटीकरण. लोक आपापल्या गरजेप्रमाणे हवं ते उघडतात. आजारपणात स्तोत्र, लग्नात करिंथकरांस पत्र, नाताळात लूकचं शुभवर्तमान. आमच्या घरी तसं नाही. आमच्या घरी रोज दिवेलागणीला एक अध्याय, उत्पत्तीपासून ओळीनं. मधलं काही गाळायचं नाही, पुढचं आधी घ्यायचं नाही. प्रकटीकरण संपलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा उत्पत्ति. एका फेरीला तीन वर्षांच्या वर लागतात. सुधाकरनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुमच्या घरी आज सणाचं वाटून घ्यायचं की सुतकाचं, ते पुस्तक ठरवतं." मी चिडले होते त्याच्यावर. बोलला होता ते अगदी बरोबर.

ही रीत बाबांची. आजोबा मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले, त्यांना हवं ते वाचायची मुभा होती. बाबांनी शिस्त लावली. "आवडीचं तेवढंच वाचाचं असन तर सिनेमाची गाणी हायेत," ते म्हणत. "हे वाचाचं तर ओळीनं. देवानं ज्या वळणावर जे ठेवलं थे त्याच वळणावर घ्याचं. उद्या मी म्हटलं तरी मोडू नका." हे शेवटचं वाक्य त्यांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, कारण मी लेवीय हे नियमांचं पुस्तक कंटाळवाणं आहे म्हणून रूथच्या गोष्टीची मागणी केली होती. मी लहान होते आणि तू माझ्याकडे असा पाहत होतास की जणू मी ताटात थुंकले.

त्या रीतीचे मासले काय थोडे आहेत? वहिनींच्या माहेरची माणसं पहिल्यांदा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या घरी आली ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. पातोडीची भाजी झाली होती, आईनं ठेवणीतली चादर काढली होती. प्रार्थनेची वेळ झाली आणि बाबांनी शास्त्र उघडलं तर लेवीय, त्यातही घराच्या भिंतीला लागलेल्या रोगाचा अध्याय. भिंतीवर हिरवट तांबूस डाग दिसले तर याजकाला बोलवा, दगड काढा, नाहीच गेले तर घर पाडा. बाबा शांतपणे वाचत होते. वहिनींचे वडील हळूच मागच्या भिंतीकडे वळून पाहू लागले, कारण तिथं खरोखरच एक मोठा ओला डाग होता. अध्याय संपल्यावर ते म्हणाले, "ओल हाये वाटते." बाबा म्हणाले, "मोरीची हाये. पोराले सांगतलं, करून घेते." तरी लग्न जमलं. पुढे कितीतरी वर्षं आपण त्यावर हसलो. तू सगळ्यात जास्त हसायचास, तोंडावर रुमाल धरून.

म्हणून मला वाटायचं की तुला हे कळतं. रीत ही माणसांची असते, तिच्यावर हसता येतं, तर गरजेला ती बाजूलाही ठेवता येत असेल.

बाबा गेले ती संध्याकाळ मी पाहिली नाही, हे माझं दुखणं आहे. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं असा निरोप आला आणि मी अमरावतीच्या राजापेठेतून जशी होते तशी निघाले. बडनेऱ्याच्या पुढे बस बिघडली. दुसऱ्या बसनं अकोल्याला पोचले तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत काय झालं ते मला आईनं सांगितलं, तेही एकदा नाही, पुढे वारंवार, तिच्याच्यानं राहवायचं नाही म्हणून. दिवे लागले. तू शास्त्र घेऊन खाटेशी बसलास. बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "शांतवन, तेविसावं वाच." आणि तू म्हणालास, "बाबा, आज पहिला इतिहास चालू हाये."

आई सांगायची, "त्याईनं डोये मिटून घेतले."

पहिल्या इतिहासाची सुरुवात म्हणजे नावंच नावं. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचे मुलगे हे आणि हे. वाचणाऱ्याची जीभ अडखळते, ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तू अडखळला नाहीस. लहानपणापासून पाठ झालेली नावं ती. तू अध्याय संपवलास, आमेन म्हणालास, आणि मग आईनं बाबांचा हात हातात घेतला तेव्हा तो गार लागला. मी आईला विचारलं, "तू का नाही म्हटलंस गं तेविसावं? तुला तर झोपेतही येतं." ती म्हणाली, "घरचा मोठा पोरगा वाचून राहिला तं मधी कशी बोलू मी?" तिला मी काय बोलणार होते. ती त्याच घरात तशीच घडलेली बाई.

तुला मात्र मी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी माती देऊन आल्यावर ओसरीवर गाठलं. तू भाड्यानं आणलेल्या खुर्च्या एकात एक घालत होतास.

"एक पान उलटता आलं नाही तुला?" मी म्हटलं.

"एक पान नव्हतं, सरू. मधी पाच पुस्तकं हायेत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाप गेला होता आणि तू मला दुसरा इतिहास, एज्रा, नहेम्या, एस्तेर, ईयोब अशी पुस्तकं मोजून दाखवत होतास.

"ते मागत होते दादा. मरताना माणूस पाणी मागतो तसं मागत होते."

"बाबाच म्हणत होते ना, मी म्हटलं तरी मोडू नका."

"धडधाकट होते तेव्हा म्हणाले होते."

"मंग म्या कोणच्या बाबाचं ऐकाचं होतं?" तू विचारलंस, आणि माझ्याकडे पाहिलंस.

"मरणाऱ्याचं," मी म्हटलं. तू खुर्च्या उचलल्यास आणि टेंपोत नेऊन ठेवल्यास. त्यानंतर आपण या विषयावर हजार वेळा भांडलो, पण सरळ कधीच नाही. भांडलो ते पुस्तकांच्या क्रमावर. जणू तो क्रम कोणी लावला हे ठरलं की बाबांचं मरण कोणाच्या पदरात टाकायचं तेही ठरणार होतं.

इथं एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर मी खोटी पडेन. मी सुधाकरशी लग्न करते म्हटल्यावर बाबांनी बोलणं टाकलं होतं, मंडळीत कुजबूज सुरू झाली होती, आई रडून रडून सुजली होती. अमरावतीला विहारात लग्न लागलं तेव्हा माझ्या बाजूनं एकच माणूस होता. तू पहिल्या बसनं आलास, पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसलास, सगळ्यांबरोबर उभा राहिलास, सगळ्यांबरोबर हात जोडलेस. वहिनींनी दिलेली मोरपंखी साडी तू पिशवीतून काढून माझ्या सासूबाईंच्या हातात दिलीस आणि म्हणालास, "आमची पोरगी तिखट हाये. पण मनानं चांगली हाये, सांभाळून घ्या." सासूबाई ते वाक्य आयुष्यभर सगळ्यांना सांगत राहिल्या. मंडळीच्या तेव्हाच्या पंचांनी नंतर तुला जाब विचारला, तेव्हा तू म्हणालास, मी बहिणीच्या लग्नाला गेलो होतो. बस, एवढंच. पुढं दोन वर्षांत बाबांना माझ्या घरी जेवायला आणलंस तेही तूच. तुझ्यामुळे मला माहेर राहिलं. हे मी तुला कधी तोंडावर बोलले नाही, आता बोलते. आणि म्हणूनच माझा राग शमत नाही. माझ्यासाठी तू अख्ख्या मंडळीची रीत मोडलीस. बाबांसाठी एक सायंकाळ मोडली नाहीस.

आपली क्रमावरची भांडणं दुसऱ्या कोणी ऐकली असती तर वेडे म्हटलं असतं. रविवारच्या शाळेत तू पोरांना चालीवर पुस्तकांची नावं म्हणायला लावायचास, हातातल्या पट्टीनं बाकावर ताल धरून. उत्पत्ति, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद. मलाखीला पोचेपर्यंत पोरांचा श्वास संपायचा. अलीकडे पोरं मोबाईल आणू लागली. एक जण म्हणाला, "सर, टाईप केलं का येते ना, पाठ कशाले कराचं?" तू मला फोन करून तासभर कुरकुरलास, की मोबाईलमधल्या शास्त्राला पुढं-मागं काही नाही, पोरांना योनाचं पुस्तक कुणाच्या शेजारी राहतं हेही माहीत नाही. मला हसू आलं आणि मी तुला डिवचलं. म्हटलं, "शेजार काय देवानं लावलाय? पौलाची पत्रं पाहा. मंडळ्यांना लिहिलेली आधी लांबीनं लावलीत, मग माणसांना लिहिलेली, तीही लांबीनं. रोमकरांस सगळ्यात मोठं म्हणून पुढं. फिलेमोन एवढंसं म्हणून शेवटी. आमच्या शाळेत पोरांना उंचीनं उभं करतात तसं. कोणतं आधी लिहिलं याचा त्याच्याशी संबंध नाही."

"कोणी सांगतलं?"

"मोज ना. तुझा धंदाच आहे."

तू मोजलंस. पुढच्या रविवारी म्हणालास, "जवळपास बरोबर हाये. पण लावणाऱ्याले तशी बुद्धी कोणं देल्ली?" तुझ्याशी असंच व्हायचं. पुरावा मान्य करायचास आणि हरायचा मात्र नाहीस.

मग गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या अमरावतीच्या मंडळीतल्या स्त्रियांच्या शिबिरात एक पाहुणे शिक्षक आले. त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे आपला जुना करार, दुसरीकडे यहुदी लोकांचा. पुस्तकं तीच, क्रम वेगळा. त्यांच्याकडे रूथ शास्ते या पुस्तकाच्या शेजारी नाही, फार मागं आहे. दानीएल संदेष्ट्यांत नाही. आपल्याकडं शेवटी मलाखी, त्यांच्याकडं शेवटी इतिहास. आणि स्तोत्रं ईयोबाच्या आधी. मी फळ्याकडं पाहतच राहिले. मुळात ज्यांचं हे शास्त्र आहे तेच वेगळ्या ओळीनं वाचतात. देवानं ज्या वळणावर ठेवलं ते वळणच दोन प्रकारचं निघालं. मला टाळी वाजवावीशी वाटली आणि त्याच क्षणी मला बाबांचे मिटलेले डोळे दिसले.

मी त्याच शनिवारी अकोल्याला आले. तू जेवत होतास. मी ताटावरच सगळं ओतलं. तू घास खाली ठेवलास.

"त्याईच्यात स्तोत्रं कवा येते म्हणतलं?"

"ईयोबाच्या आधी. आणि इतिहास सगळ्यात शेवटी. कळतंय का तुला? ती नावांची रांग त्यांनी पार शेवटी टाकली. माणसं लावतात क्रम, दादा. माणसांनी लावलेलं माणसाला मोडता येतं."

तू भाकरीचा तुकडा मोडत राहिलास, तोंडात न घालता. मग म्हणालास, "त्याईचं त्याईपाशी. आपल्या घरात आपला." मी न जेवता उठले. वहिनी दारापर्यंत मागं आल्या, मी थांबले नाही.

पंधरा-वीस दिवसांनी भर दुपारी तुझा फोन आला. तू दुपारी कधी फोन करत नाहीस, मी घाबरले.

"सरू, म्या मोजलं."

"काय मोजलंस?"

"यहुद्यांच्या क्रमानं बाबा वाचत असते तरी थ्या दिवशी स्तोत्र आलं नसतं. राजांच्या नंतर त्याईचा यशया संदेष्टा लागते. बाबाले यशयाच आला असता."

मी फोनवर ओरडले, खाली ट्यूशनला आलेली पोरं वर पाहू लागली इतकी. म्हटलं, "तू हे मोजत बसलास? इतके दिवस तू हे मोजत होतास? माझं म्हणणं काय होतं आणि तू काय..." तू फोन ठेवलास. मला वाटलं, याच्या छातीत काळीज नाही, मोजणीची साखळी आहे. त्यानंतर वर्षभर मी अकोल्याला आले नाही.

या वर्षी आले ती तुझ्या दोन्ही किडन्या थकल्या म्हणून. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं. तू बाबांच्याच खोलीत होतास, खाट वेगळी. डोळ्यांना दिसणं कमी झालं होतं, वाचणं बंद. वहिनी दिवसभर तुझ्यामागं थकलेल्या, त्यामुळे दिवेलागणीचं वाचन माझ्याकडं आलं. फेरी ईयोबापर्यंत आली होती.

ईयोब आजारी माणसाशेजारी बसून वाचावं असं पुस्तक आहे का, हे मला कळत नाही. सगळं हिरावून घेतलेला माणूस राखेत बसला आहे, अंगभर फोड, आणि मित्र येऊन सांगतात, तूच काहीतरी केलं असशील. पानामागून पान तेच. आणि दिवसा तुला भेटायला येणारी मंडळी तरी काय वेगळी होती? एक म्हणे पपईच्या पानांचा रस घ्या, एक म्हणे मिठाची हयगय केली तुम्ही, एक जण पायाशी उभं राहून म्हणाला, देव परीक्षा घेते पंच. तो गेल्यावर तू डोळे न उघडता म्हणालास, "हा तिसरा मित्र होता." मी खूप हसले. वहिनी आतून विचारत आल्या, काय झालं. त्या आठवड्यात आपण दोघं बहीण-भाऊ होतो, जुन्यासारखे. माझ्या हातून भात खाल्लास. लग्नात सासूबाईंना काय म्हणाला होतास ते मी विचारलं तर म्हणालास, "तिखट हाये म्हणतलं. खरंच होतं थे."

एका संध्याकाळी तुला फार धाप लागली होती. मी ईयोब उघडलं आणि ठेवून दिलं. "दादा, आज स्तोत्र म्हणू का? तेविसावं? पाठ आहे मला, पुस्तकही नको."

तू हात वर केलास. वावरात साखळी ओढणाऱ्या माणसाला थांबवायला करतात तसा.

"अजून आलं नाही," तू म्हणालास.

"दादा, कोणाला कळणार आहे?"

"वाच तू. अलीहू चालू हाये."

मी वाचलं. अलीहू म्हणजे तो चौथा, वयानं लहान आणि सगळ्यात जास्त बोलणारा. त्याचं भाषण सहा अध्याय चालतं. मनातून मी तुला शिव्या देत वाचलं. म्हटलं, बापाला नाही दिलं, आता स्वतःलाही देत नाही, हा हट्ट तुला वर घेऊन जाईल. आणि तो घेऊन गेलाच. अलीहूचं बोलणं संपलं नव्हतं तेव्हा एका सकाळी वहिनी तुझं तोंड पुसायला गेल्या आणि मला हाक मारली. ईयोबाला देवाचं उत्तर यायचं होतं. त्याच्यापुढं लगेच स्तोत्रं. इतकं जवळ आलं होतं सगळं.

माती दिल्यावर मी वहिनींजवळ राहिले. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला सवयीनं शास्त्र हातात घेतलं. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या बाई सध्या." मी म्हटलं, "ठीक आहे. पुढे कधीतरी वाचू. स्तोत्रांपासून घेऊ, तुम्हालाही बरं वाटेल."

त्या म्हणाल्या, "स्तोत्रं मलेच वाचा लागे दर फेरीले."

"म्हणजे?"

"सगळी नाही. बाविसावं झालं का दुसऱ्या दिवशी हे पुस्तक मायाजवळ देत. 'आज तू वाच,' म्हणत, 'मी पाय धुऊन येतो.' अन् मांगच्या अंगणात नळापाशी जात. मी वाचो अथी एकटीच. मायं आमेन झालं का येत." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पहिल्यांदा मले वाटलं, धुतले असन पाय. मंग एका फेरीले म्या पायलं. पाय कोरडे होते त्याईचे."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"बाबा गेल्यावर सुरू झालं थे. काय विचारू?"

मला वाटलं होतं, तुला कळलंच नाही. इतकी वर्षं मी त्या एका समजुतीवर तुझ्यावर रागावले. दगडावर रागवायचं ते सोपं असतं. आता कळतं की त्या दुपारी तू फोन केलास तो मला हरवायला नव्हे. कोणत्याही क्रमानं, कोणत्याही देशाच्या, कोणत्याही धर्माच्या, त्या संध्याकाळी बाबांना ते स्तोत्र मिळालं असतं का, हे तू मोजत होतास. नसतं मिळालं असं निघालं, तेव्हा ते सांगायला तुला मीच आठवले. आणि मी ओरडले. ओरडले त्याचं मला वाईट वाटत नाही. तू सरळ बोलला असतास तर ओरडले नसते.

'अजून आलं नाही' म्हणालास तेही आता कळतं. तो हट्ट नव्हता. बापाला जे दिलं नाही ते आपण घ्यायचं नाही, अशी तू स्वतःला शिक्षा दिली होतीस. कुणी मागितली होती ती शिक्षा? बाबांनी नाही मागितली. मी तर नाहीच. तू ओलं न झालेलं अंगण तुडवत राहिलास, वहिनी आत एकट्या वाचत राहिल्या, आई तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत म्हातारी होऊन गेली, आणि मी अमरावतीत दात खात बसले. एका घरातली चार माणसं एकाच संध्याकाळपाशी अडकून पडली आणि कोणी कोणाला सांगितलं नाही. मला तुझी शिक्षा नको होती, दादा. मला तुझ्या तोंडून दोन शब्द हवे होते.

माझ्या लग्नाला पहिल्या बसनं येता आलं तुला. तसंच एखाद्या दिवशी यायचं होतंस. राजापेठेत उतरायचं होतंस, जिना चढून दारात उभं राहून म्हणायचं होतंस, सरू, त्या दिवशी चुकलं माझं. मी तुला आत घेतलं असतं की दार लोटलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. ते मला कधी कळणारही नाही आता, आणि ते तू माझ्यापासून नेलंस.